ताऱ्याच्या नावाची मोटार

दसऱ्याच्या सुमारास आकाश निरभ्र झालं की रात्री आठच्या आसपास गच्चीवर जा आणि वायव्येकडे पाहा. एक पांढराशुभ्र, किंचित निळसर झाक असलेला तारा ठळक चमकताना दिसेल. तो अभिजित. रात्रीच्या आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांत त्याचा नंबर पाचवा. आपल्याकडे एके काळी त्याला नक्षत्रांमध्ये धरत असत, पण रूढ सत्तावीस नक्षत्रांच्या यादीत तो काही राहिला नाही. महाभारताच्या वनपर्वात तर अभिजित आकाशातून ढळल्याची एक कथाच आहे.

पाश्चात्त्य लोक या ताऱ्याला 'व्हेगा' म्हणतात. अमेरिकेतल्या जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीने १९७० साली आपल्या शेव्हरोले विभागाची एक छोटी, स्वस्त मोटार बाजारात आणली आणि तिला या ताऱ्याचं नाव दिलं. नाव ठेवणाऱ्यांना वनपर्वातली गोष्ट ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं! सात वर्षांत ही मोटार बंद पडली. पण तोपर्यंत जवळजवळ वीस लाख व्हेगा रस्त्यावर आल्या होत्या, म्हणजे तिला फसलेली म्हणावं तर तेही जमत नाही. हुशार मुलगा परीक्षेत कुठे चुकला हे उत्तरपत्रिका काढून पाहावं ना, तशी आज या गाडीची उत्तरपत्रिका पाहू या.

त्या काळी अमेरिकन मोटारी म्हणजे अक्षरशः बोटी. लांबलचक, ऐसपैस आणि पेट्रोल ढोसणाऱ्या. पण जर्मनीची फोक्सवॅगन बीटल नावाची भुंग्यासारखी छोटी गाडी तिथे धडाधड खपत होती आणि मागून जपानी गाड्याही येऊ लागल्या होत्या. तेव्हा ऑक्टोबर १९६८ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष जेम्स रोश यांनी जाहीर करून टाकलं, की दोन वर्षांत आम्ही अमेरिकन बनावटीची छोटी गाडी आणतो. नवी मोटार कागदावरून रस्त्यावर यायला एरवी याहून बराच जास्त वेळ लागायचा. म्हणजे लग्नपत्रिका आधी छापल्या आणि मांडवाचे बांबू मग आणायला निघाले, असा हा प्रकार.

शेव्हरोले विभागाचे प्रमुख होते जॉन डेलोरियन. 'बॅक टू द फ्युचर' या सिनेमात काळाच्या मागेपुढे पळणारी, पंखांसारखी दारं उघडणारी गाडी आहे ना, ती पुढे ज्यांनी काढली तेच हे. त्यांनी नंतर सांगितलेली एक आठवण मजेदार आहे. व्हेगाचा पहिला नमुना चाचणीच्या मैदानावर नेला. तो आठ मैल, म्हणजे साधारण तेरा किलोमीटर धावला आणि गाडीचा पुढचा भाग चक्क मागच्या भागापासून सुटला! मग सांगाड्यात आणखी पोलाद घालून तो बळकट करावा लागला. आणखी पोलाद म्हणजे आणखी वजन, आणि आणखी खर्च.

तरीही सप्टेंबर १९७० मध्ये गाडी ठरल्या वेळेला दुकानात हजर झाली. किंमत २,०९० डॉलरपासून पुढे. बीटल तिच्यापेक्षा स्वस्त होती आणि त्याच महिन्यात आलेली फोर्ड कंपनीची पिंटोही. पण व्हेगा दिसायला देखणी होती. बुटकी, रुंद, एखाद्या शर्यतीच्या गाडीची धाकटी बहीण शोभावी अशी. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, जे तेव्हाच्या स्वस्त गाडीत सर्रास मिळत नसत. वळणावर ती रस्ता छान धरून राहायची. एका प्रकारात मागची काच दारासकट वर उचलली जायची आणि मागची सीट आडवी केली की भरपूर सामान मावायचं. 'मोटर ट्रेंड' या मासिकाने १९७१ सालची सर्वोत्तम गाडी म्हणून तिचीच निवड केली. हे बक्षीस काही वशिल्याने मिळालं नव्हतं, बरं का. कोऱ्या करकरीत व्हेगात बसून पाहणाऱ्याला ती आवडण्यासारखीच होती.

आता तिची सर्वांत गमतीची गोष्ट सांगतो. ही गाडी आगगाडीतून उलटी टांगून नेत असत!

लॉर्ड्सटाऊन हे ओहायो राज्यातलं गाव. तिथल्या कारखान्यातून कॅलिफोर्नियापर्यंत मोटारी रेल्वेने पाठवायच्या तर तीन मजली वाघिणीत एका वेळी अठरा गाड्या मावत. भाडं फार पडायचं. मग जनरल मोटर्सने आणि सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने मिळून एक खास वाघीण तयार केली. तिच्या बाजूच्या भिंती बिजागरीवर खाली उघडायच्या. उघडलेल्या भिंतीवर गाड्या नेऊन उभ्या करायच्या, खालून पक्क्या अडकवायच्या आणि मग फोर्कलिफ्टने ती भिंतच उचलून बंद करायची. झालं! आतल्या सगळ्या गाड्या नाक खाली, शेपूट वर अशा उभ्या. अठराच्या जागी तीस गाड्या मावू लागल्या. शाळेच्या दप्तरात वह्या आडव्या कोंबण्याऐवजी उभ्या लावल्या की जास्त बसतात, तसंच.

पण थांबा. मोटार उभी टांगली तर इंजिनातलं ऑइल, बॅटरीतलं ॲसिड, कार्बुरेटरमधलं पेट्रोल हे सगळं सांडणार नाही का? गाडी तर दुकानाच्या दारात उतरवली की लगेच चालवता आली पाहिजे. या प्रत्येक अडचणीवर इंजिनिअर मंडळींनी तोड काढली होती. ऑइल पुढच्या सिलिंडरमध्ये शिरू नये म्हणून इंजिनाच्या तळाशी आडोसा घातला. बॅटरीची बुचं मागच्या कडेला नेली, म्हणजे गाडी टांगली तरी ती वरच्या बाजूला राहतील. कार्बुरेटरमधलं पेट्रोल एका नळीने वेगळ्या डब्यात उतरेल अशी सोय केली. काच धुण्याच्या पाण्याची बाटलीसुद्धा ४५ अंशांच्या कोनात तिरकी बसवली. वाचताना मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मात्र पुढची गोष्ट कळल्यावर त्या टाळ्या थोड्या आवरत्या घ्याव्या लागतात. कारखान्यापासून दुकानापर्यंतच्या काही दिवसांच्या प्रवासाचा जेवढा बारीक विचार झाला, तेवढा दुकानापासून पुढच्या दहा वर्षांचा झाला नव्हता.

सर्वांत मोठं दुखणं इंजिनाचं. ते समजून घ्यायला जरा खोलात जाऊ.

मोटारीच्या इंजिनात सिलिंडर असतात. त्यांत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, मिनिटाला हजारो वेळा खालीवर होतो. त्या काळच्या बहुतेक गाड्यांमध्ये हे सिलिंडर ज्या ठोकळ्यात कोरलेले असतात तो ठोकळा बिडाचा असायचा. बीड दणकट, पण जड. ॲल्युमिनिअम हलकं, पण मऊ; दट्ट्या घासून त्यावर लगेच चरे पडतील. म्हणून ॲल्युमिनिअमचा ठोकळा केलाच, तर आत बिडाच्या नळ्या बसवत असत. व्हेगाच्या इंजिनाने ही नळीच काढून टाकली. कशी? रेनॉल्ड्स या धातूच्या कंपनीने एक मिश्रधातू तयार केला होता. त्यात ॲल्युमिनिअममध्ये शंभरात सुमारे सतरा भाग सिलिकॉन होतं. सिलिकॉनचे कण अतिशय कठीण. सिलिंडर गुळगुळीत करून झाला, की रसायन आणि वीज यांच्या मदतीने वरचं ॲल्युमिनिअम अगदी केसाच्या भागाएवढं खरवडून काढायचं. शेंगदाण्याची चिक्की चघळत राहिलात तर वरचा गूळ विरघळतो आणि दाणे जिभेला लागायला लागतात, हो की नाही? तसे इथे सिलिकॉनचे कण वर येतात. दट्ट्या त्या कठीण कणांवरून सरकतो आणि मऊ ॲल्युमिनिअमला शिवत नाही. दट्ट्यालाही लोखंडाचा पातळ मुलामा दिला होता. असा हा ठोकळा भरला किती? अवघा सोळा किलोच्या आसपास!

कल्पना झकासच. पण या ठोकळ्यावर जे झाकण बसतं, ज्याला सिलिंडर हेड म्हणतात, ते मात्र बिडाचं केलं. खाली ॲल्युमिनिअम, वर बीड. आता विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही वाचलंच असेल, की तापल्यावर सगळे धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. ॲल्युमिनिअम बिडापेक्षा जवळजवळ दुपटीने फुगतं. इंजिन ठीक तापमानात असेल तोवर हे चालून जातं. ते प्रमाणाबाहेर तापलं, की खालचा ठोकळा एका मापाने वाढणार आणि वरचं झाकण दुसऱ्या मापाने. मधल्या गॅस्केटची काय अवस्था होत असेल, विचार करा.

आणि इंजिन तापायचंच. कारण रेडिएटर लहान ठेवला होता आणि गाडीत पाणी मावायचं जेमतेम पावणेसहा लिटर. त्यातलं थोडं जरी कमी झालं तरी इंजिन गरम व्हायचं. गरम झालं की गॅस्केट गळायचं, गॅस्केट गळालं की पाणी आणखी कमी व्हायचं, पाणी कमी झालं की इंजिन आणखी तापायचं. एकदा का हा फेरा सुरू झाला, की ठोकळा वाकडा होईपर्यंत थांबायचा नाही. शिवाय झडपांच्या दांड्यांना जे रबरी सील असतात तेही कडक पडून गळू लागत. मग ऑइल आत उतरून जळायचं आणि गाडीमागे निळा धूर. कित्येक व्हेगामालक पेट्रोलबरोबर ऑइलचे डबेही विकत घेत फिरत असत.

आईबाबांना विचारा, घरातली पहिली गाडी, मग ती स्कूटर का असेना, घेताना किती महिने हिशेब चालतो. स्वस्त गाडी कोण घेतं? ज्याच्याकडे दुसरी नसते तो. नुकती नोकरी लागलेला तरुण, लेकुरवाळं कुटुंब, कॉलेजात जाणारी मुलगी. श्रीमंताची गाडी बंद पडली तर तो दुसरी काढतो. यांची बंद पडली की कामावर खाडा. कर्जाचे हप्ते फिटण्याआधीच इंजिन गेलं असेल तर त्या घरात त्या रात्री काय बोलणं झालं असेल, ते अमेरिका असो की आपलं गाव, सारखंच असणार.

दुसरं दुखणं गंजाचं. त्यासाठी आधी एक प्रयोग करा. काचेच्या पेल्याच्या तळाशी कोरडा कागद घट्ट बसवा आणि पेला उपडा करून सरळ बादलीतल्या पाण्यात दाबा. पेला बुडाला तरी कागद कोरडाच! आत हवा अडकून बसते आणि पाण्याला वर येऊ देत नाही. व्हेगाचं नेमकं हेच झालं. गंजू नये म्हणून गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून काढत. पद्धत आधुनिक होती. पण पुढच्या मडगार्डाच्या वरच्या कोपऱ्याचा आकार उपड्या वाटीसारखा. तिथे हवेचा बुडबुडा अडकायचा आणि तेवढा पत्रा रंगाविना कोरा राहायचा.

एवढ्यावरही निभावलं असतं, जर मडगार्डाच्या आत अस्तर असतं. चाकाने उडवलेला चिखल त्या अस्तराने अडवला असता. पण ते अस्तर गाळून कंपनीने गाडीमागे दोन-सव्वादोन डॉलर वाचवले होते. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते खारं पाणी थेट त्या कोऱ्या पत्र्यावर! दोनतीन हिवाळ्यांत मडगार्डाला आरपार भोकं. कोकणात समुद्राकाठी राहणाऱ्यांना खाऱ्या हवेचा हा पराक्रम निराळा सांगायला नको. शेवटी कंपनीला हजारो मडगार्डं पदरमोड करून बदलून द्यावी लागली. मग प्लॅस्टिकचं अस्तर आलं, जस्ताचा लेप दिलेला पत्रा आला. वाचवलेले दोन डॉलर किती महाग पडले, ते गणित तुम्हीच करा.

व्हेगाला नावं ठेवणारे बरेच लोक कारखान्यातल्या कामगारांकडे बोट दाखवतात. त्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. लॉर्ड्सटाऊनचा कारखाना जगातला सर्वांत वेगवान म्हणून गाजला होता. वेल्डिंग करायला युनिमेट नावाचे यंत्रमानव होते आणि तासाला शंभर गाड्या काढायच्या असं ठरलं होतं. इतर कारखान्यांत तासाला साठाच्या आसपास निघत. शंभर गाड्या म्हणजे एका गाडीपाठी एका कामगाराला किती वेळ? छत्तीस सेकंद. घड्याळ लावून बघा. छत्तीस सेकंदांत दोन्ही बुटांच्या नाड्या बांधा, सोडा आणि पुन्हा बांधा. जमलं? आता हेच आठ तास, आणि उद्याही, आणि परवाही.

कामगार बहुतेक पंचविशीच्या आसपासचे. त्यात ऑक्टोबर १९७१ मध्ये कारखान्याचा कारभार बदलला आणि माणसं कमी करून उरलेल्यांवर काम वाढवलं गेलं. गाड्या अर्धवट जोडून पुढे जाऊ लागल्या. कंपनी म्हणे, कामगार मुद्दाम बिघाड करतात. कामगार म्हणत, आम्हाला वेळच पुरत नाही. मार्च १९७२ मध्ये तिथे संप झाला, तो सुमारे तीन आठवडे चालला. पगारवाढीचा हा संप नव्हता, कामाच्या वेगाचा होता. म्हणून अमेरिकेतल्या सगळ्या वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली. घाईत जोडलेल्या गाडीत खोट राहते हे खरं. पण पाणी कमी मावणारा रेडिएटर आणि अस्तर नसलेलं मडगार्ड हे जोडणाऱ्यांनी ठरवलेलं नव्हतं. ते आधीच कागदावर आखलेलं होतं. कामगार सर्वस्वी निर्दोष होते असं मी म्हणत नाही. पण सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडणं मला तरी पटत नाही.

त्याच १९७२ साली कंपनीला व्हेगा तीनदा दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. एकदा आग लागण्याची भीती, एकदा वेग कमी न होण्याची भीती आणि एकदा तर मागचा आस तोकडा पडून चाकच निसटण्याची भीती. सर्वांत मोठ्या खेपेत पाच लाखांच्या आसपास गाड्या होत्या. म्हणजे तोवर विकलेल्या बहुतेक सगळ्याच!

इतकं होऊनही व्हेगा खपत होती, हे वाचून नवल वाटेल. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं थांबवलं, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि सगळ्यांना छोटी गाडी हवीशी झाली. १९७४ साली साडेचार लाखांच्या घरात व्हेगा बनल्या. कंपनीही स्वस्थ बसली नव्हती. दरवर्षी काही ना काही सुधारत होती. १९७६ च्या इंजिनाला तर पाच वर्षं किंवा साठ हजार मैलांची हमी दिली होती. जाणकार सांगतात, की शेवटच्या दोन वर्षांतली व्हेगा खरोखरच चांगली गाडी होती. पण गावात एकदा नाव खराब झालं की झालं. गिऱ्हाइकं टोयोटा, डॅटसन, होंडा यांच्याकडे वळली होती. १९७७ साली व्हेगा बंद झाली. उभ्या टांगणीच्या त्या खास वाघिणींनाही मग काही काम उरलं नाही. व्हेगा आणि तिच्या एका जुळ्या बहिणीखेरीज दुसरी मोटार त्यांत बसणारच नव्हती. लॉर्ड्सटाऊनचा कारखाना मात्र पुढे चाळीसहून अधिक वर्षं इतर गाड्या काढत राहिला आणि मार्च २०१९ मध्ये बंद पडला.

आणि त्या चिक्कीसारख्या मिश्रधातूचं काय झालं? तो टाकाऊ नव्हता मुळीच. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने त्याच जातीच्या धातूचं, नळ्यांविना इंजिन आपल्या ९२८ या महागड्या गाडीत बसवलं. झाकणही ॲल्युमिनिअमचंच केलं. ती गाडी १९७८ सालची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली. पुढे मर्सिडीजनेही तोच मार्ग धरला.

अमेरिकेतल्या गॅरेजवाल्यांनी व्हेगावर आपला निराळाच इलाज शोधला होता. चरे पडलेला सिलिंडर ते मोठा करून घेत आणि आत बिडाची नळी ठोकून बसवत, म्हणजे जी नळी टाळण्यासाठी एवढा खटाटोप झाला होता, नेमकी तीच! कितीतरी इंजिनं अशीच पुन्हा चालू झाली. आता तिकडेही व्हेगा क्वचितच दिसते, कारण बऱ्याचशा केव्हाच भंगारात गेल्या. ज्या उरल्या त्यांतल्या अनेक सरळ रेषेत धावण्याच्या शर्यतींत उतरल्या आहेत. हलका आणि देखणा सांगाडा त्या कामाला अगदी सोयीचा पडतो. अशा एखाद्या व्हेगाचं बॉनेट उघडलंत, तर आत बहुधा आठ सिलिंडरचं, भलंमोठं, बिडाचं इंजिन बसलेलं दिसेल.